धरणाला धिरा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भूगोल शिकवीत असत. मराठीचा मी एक निवृत्त प्राध्यापक. माझ्याकडून संतवाङ्मयावर किंवा फार तर बखरींवर काही ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु गुरुजींची आठवण करायची तर भूगोलाच्या वाटेनेच करावी, असे मला वाटले. उकाईचे धरण बांधले जात असताना ते मुलांना घेऊन तेथे जात आणि अर्धवट उभ्या भिंतीसमोर मुलांना विचारीत, "हे पाणी भिंत ढकलणार; भिंत कशाच्या जोरावर उभी राहणार?" त्या मुलांपैकी काही जण आज पन्नाशी-साठी ओलांडून या सभागृहात बसले आहेत. तोच प्रश्न मी आज थोडा पुढे नेणार आहे. भिंत बांधून झाली, पाणी भरले, आणि मग जमीनच हलली तर? बांधून झालेल्या, भरलेल्या धरणाला मागाहून बळकटी कशी देतात? त्याचे उत्तर आपल्या देशात प्रथम द्यावे लागले ते कोयनेला, आणि ते उत्तर दिले जात असताना मी जवळ होतो.

कोयना सुरतेपासून दूर आहे खरी. पण इतिहासाच्या दृष्टीने तितकी दूर नाही. कोयनेच्या कामाला हात लागला तेव्हा सुरत आणि सातारा हे दोन्ही जिल्हे एकाच मुंबई राज्यात होते. तापीवरचा काकरापारचा बंधारा आणि कोयनेचे धरण ही एकाच सरकारची, एकाच पिढीच्या इंजिनियरांची स्वप्ने. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, आणि मग कोयना महाराष्ट्राची व उकाई गुजरातची झाली. कोयनेच्या जलाशयाला शिवाजीसागर हे नाव आहे. सुरतेच्या जुन्या रहिवाशांपुढे ते नाव उच्चारताना १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवून मी थोडा बिचकतो. परंतु आता साडेतीनशे वर्षे लोटली आहेत आणि यजमानांनी मला चहाही दिला आहे, तेव्हा पुढे जायला हरकत नसावी.

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे धावते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. नदी वळते तेथेच, पाटण तालुक्यात, धरण आहे. पाणी अडवावे, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला न्यावे, कोकणाच्या बाजूला पोफळीपाशी पावणेपाचशे मीटर खाली सोडावे आणि वीज करावी, अशी ही योजना. धरणाची भिंत पायापासून १०३ मीटर उंच, आठशे मीटरहून अधिक लांब. ती अखंड एक नाही. सुमारे पंधरा-पंधरा मीटर रुंदीचे स्वतंत्र खंड शेजारी शेजारी उभे आहेत. इंजिनियर त्यांना मोनोलिथ म्हणतात. मधल्या खंडांवरून पुराचे पाणी जाते, तो सांडवा. दोन्ही बाजूंच्या खंडांवरून पाणी जात नाही. हा भेद श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी कथा त्यावर फिरते.

भिंत काँक्रीटची; तीही मोठाले दगड घालून केलेल्या काँक्रीटची. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर असे की, असे धरण केवळ आपल्या वजनाच्या जोरावर उभे राहते. कमान नाही, लोखंड नाही. म्हणूनच त्याला गुरुत्व-धरण म्हणतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. एखाद्या म्हाताऱ्यासारखा त्याचा स्वभाव असतो: डोक्यावर कितीही ओझे द्या, तो चालेल, पण कंबरेत वाकवू नका.

दख्खनचे पठार म्हणजे भूकंपापासून सुरक्षित भूमी, असा त्या काळचा पक्का समज होता. तरीही भूकंपासाठी म्हणून धरणाच्या आकडेमोडीत वजनाच्या पाच टक्के एवढे आडवे बल धरलेले होते. रीत अशी की, हे पाच टक्के पायापासून माथ्यापर्यंत सारखेच धरायचे. जणू धरण एखाद्या दगडी पाट्यासारखे आहे, जमिनीबरोबर जेवढे सरकेल तेवढेच सर्वत्र सरकेल. तेव्हा जगभर हीच पद्धत होती. त्यात कोणाची हयगय नव्हती.

१९६२पासून जलाशयात पाणी साठू लागले आणि त्याबरोबर खोऱ्यात जमीन गुरगुरू लागली. माझे मामा धरणावर मोजमापाच्या कामावर होते. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की रात्री मांडणीवरची भांडी वाजत आणि मामी झोपेतच म्हणायची, "व्हतंय तसं, झोप." माणसाला कशाचीही सवय होते. १३ सप्टेंबर १९६७ रोजी मोठा हादरा बसला. तोही लोकांनी सवयीत जमा केला.

सोमवार, ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. मी त्या वर्षी कराडला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होतो आणि एका वाड्याच्या माडीवर चौघांत मिळून राहत होतो. जाग आली ती खाटेवरून खाली पडल्यावर. आवाज आधी आला की हादरा, हे मला आजही सांगता येणार नाही. अंगणात आलो तेव्हा थंडीत सारी आळी उभी होती आणि कोणीतरी ते वाक्य बोलले, "धरण फुटलं."

हे वाक्य त्या काळी काय होते, हे समजण्यासाठी १२ जुलै १९६१ आठवावा लागतो. त्या दिवशी पानशेत फुटून पुण्यात पाणी शिरले होते. सहाच वर्षे झाली होती. कोयना फुटली तर पाणी कराडला येणार हे लहान मुलालाही ठाऊक होते. माणसे म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन उंचवट्याकडे निघाली. आम्ही चौघे एका घरातल्या आजींना खुर्चीत बसवून उचलून नेत होतो. त्या मात्र सारख्या विचारत होत्या की शेगडी विझवली का. उजाडले, नदी होती तशीच राहिली. धरण फुटले नव्हते. येथे आपणास मोरबी आठवले असेल. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरचे धरण फुटले, तेव्हा तेथल्या लोकांना असे उजाडणे लाभले नाही.

कोयनानगर आणि आसपासच्या गावांत मात्र अनर्थ झाला होता. सुमारे १८० माणसे गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरातली बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. मुंबईत वीज गेली. भूकंपाची क्षमता आजच्या हिशेबाने ६.३ मानतात.

धरणाच्या आतल्या गॅलरीत एक त्वरणमापक यंत्र बसवलेले होते आणि ते चालू राहिले, हे आपले भाग्य. त्याने नोंदले ते असे: भिंतीच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी, नदीच्या दिशेने ०.४९ जी, आणि उभ्या दिशेने ०.३४ जी. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण. हिशेबात धरले होते ०.०५. ही दोन प्रकारची मोजमापे तंतोतंत एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत, असे माझे एक इंजिनियर स्नेही मला नेहमी बजावतात. हादऱ्याचे टोक क्षणाचे असते आणि हिशेबातले बल सतत लावलेले असते. त्यांचे म्हणणे मान्य करूनही अंतर दहापटीचे राहते.

एवढे होऊन भिंत उभी होती. जलाशय जवळजवळ भरलेला होता. पण सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच खंडांवर आडव्या भेगा पडल्या होत्या. पाण्याच्या बाजूलाही आणि कोरड्या बाजूलाही. काही ठिकाणी पाणी पाझरत होते. बहुतेक भेगा एकाच उंचीच्या आसपास होत्या, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली.

त्याच उंचीवर का? येथे इतिहासाच्या अभ्यासकाने कान टवकारावेत. कोयनेचे धरण मूळ योजनेनुसार टप्प्याटप्प्याने उंच करायचे होते. काम चालू असताना विचार बदलला आणि ते एकदम पूर्ण उंचीला न्यायचे ठरले. खालचा भाग आधीच्या हिशेबाने आकाराला आलेला. तेव्हा वरचा भाग त्याला जुळेल असा, नेहमीपेक्षा जाड आणि जड करण्यात आला. पायाशी सुमारे ७० मीटर रुंद असलेली भिंत खालून तिरपी होत वर येते आणि एका ठिकाणी तिचा उतार एकाएकी मोडून ती जवळजवळ उभी होते. माथा तब्बल १४.८ मीटर रुंद. पाण्याच्या दाबाच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती. उलट जास्त वजन म्हणजे जास्त स्थैर्य. परंतु भूकंपात हेच वजन उलटते. जमीन हलते तशी सारी भिंत सारखी हलत नाही. उसाचा शेंडा बुडख्यापेक्षा जास्त डोलतो, तसा माथा पायाच्या कितीतरी पट हलतो. जड डोके, आणि त्याखाली एकदम मोडलेला उतार, म्हणजे मान. भेग मानेत पडली. मधल्या सांडव्याच्या खंडांना असे जड डोके नव्हते, म्हणून त्यांना फारशी इजा झाली नाही.

मी साहित्याचा विद्यार्थी. एखादी पोथी पहिल्या हाताने लिहायला घेतली आणि दुसऱ्या हाताने पुरी केली, तर जोड कोठे आहे हे अक्षरावरून नाही तरी वाक्याच्या वळणावरून कळते. कोयनेच्या भिंतीत विचार जेथे बदलला ती जागा भूकंपाने नेमकी वाचून दाखवली.

त्यानंतर दोन वाद एकाच वेळी सुरू झाले. पहिला फार गाजला. हा भूकंप धरणाच्या पाण्यामुळे झाला काय? जलाशय भरला की धक्के सुरू होतात, हे अमेरिकेत हूव्हर धरणामागच्या मीड सरोवराच्या बाबतीत पूर्वीच लक्षात आले होते. आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथेही तो अनुभव आला होता. आपल्याकडे वृत्तपत्रांचे रकाने भरले, सभा झाल्या; धरण म्हणजे पाप इथपासून ते भूकंप म्हणजे निव्वळ योगायोग इथपर्यंत सर्व मते मांडली गेली. आज या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी मिळाले आहे. पाण्याने भूकंप निर्माण केला नाही. खडकात जुना ताण साठलेला होता, पाण्याने त्याला निमित्त दिले. कोयना परिसर या अभ्यासाची जगातली पंढरी झाला आहे. १९६७नंतर पाच वा अधिक क्षमतेचे वीसहून अधिक भूकंप तेथे झाले. २०१६-१७ साली तेथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. काळ्या पाषाणाचा थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागतो, हे त्यातून प्रत्यक्ष हाती आले. कराडला यासाठी खास प्रयोगशाळा आहे. ज्या गावात आम्ही आजींना खुर्चीतून पळवीत नेले, त्याच गावात!

दुसरा वाद वृत्तपत्रांत फारसा आला नाही, कारण तो कंटाळवाणा होता. भेगाळलेल्या भिंतीचे काय करायचे? माझ्या मते कोयनेच्या इतिहासातली खरी शहाणपणाची गोष्ट ही की, दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याच्या उत्तरासाठी थांबवून ठेवले नाही. भूकंप कशाने झाला हे ठरायला पुढे कित्येक वर्षे लागली. भिंतीचे काम त्याआधी पुरे झाले होते. त्याहून कठीण मोह आणखी एक होता. एवढा मोठा हादरा बसून धरण उभे राहिले, म्हणजे ते मजबूत आहे हे सिद्धच झाले, असे म्हणता आले असते. म्हणणारे होतेही. मी स्वतः अठराव्या वर्षी हाच युक्तिवाद मामांपुढे केला. मामा फारसे शिकलेले नव्हते. ते म्हणाले, "आरं, बैल एकदा बसला आन् पुन्हा उठला, म्हणून त्याच्या पाठीवर आनिक पोतं टाकायचं व्हय?"

काम कसे झाले ते आता सांगतो. तातडीची गोष्ट म्हणजे भेगा बुजवणे. त्यांत इपॉक्सी नावाची राळेसारखी, पण राळेहून कितीतरी चिवट अशी रासायनिक लुकणी दाबाने भरण्यात आली. भिंतीच्या पोटात शिरलेल्या पाण्याचा दाब उतरावा म्हणून आतून छिद्रे पाडण्यात आली. हे कमी महत्त्वाचे वाटेल, पण भेगेत शिरलेले पाणी वरच्या भागाला खालून उचलते, आणि ज्या धरणाचे सारे बळ वजनात आहे त्याला उचलणे म्हणजे त्याचे बळ काढून घेणे. त्यानंतर उंच खंडांच्या वरच्या भागातून भेगांच्या खालपर्यंत पोलादी तारांचे दोर उतरवून, ते ताणून, दोन्ही टोकांना पक्के करण्यात आले. शिवण घट्ट करावी तसे हे. ताणलेल्या दोराने काँक्रीटवर कायमचा दाब ठेवला की हादऱ्याचा ताण आधी तो दाब खातो. ही युक्ती १९३०च्या दशकात आंद्रे कोयन या फ्रेंच इंजिनियराने अल्जीरियातल्या शर्फा धरणावर प्रथम वापरली. कोयनेला कोयनची युक्ती कामी यावी, हा नावांचा खेळ मला भाषेचा माणूस म्हणून सोडवत नाही.

दोर हा तात्पुरता उपाय होता. पोलाद गंजते, ताण सैल होतो. कायमचा उपाय म्हणजे कोरड्या बाजूने, उंच खंडांच्या पाठीशी, काँक्रीटची भर घालून त्यावर मोठाले आधारस्तंभ बांधणे. इंग्रजी पुस्तके यांना बट्रेस म्हणतात. मामा आणि त्यांच्याबरोबरचे गवंडी म्हणत 'धिरा'. हा अस्सल जुना मराठी शब्द आहे. घराची भिंत कलली की तिला बाहेरून जो टेकू देतात तो धिरा. त्या गवंड्यांना नवा शब्द शोधावा लागला नाही. घराच्या भिंतीचाच शब्द त्यांनी शंभर मीटरच्या भिंतीला लावला. आमच्या परिभाषाकोशांतून किती तरी जड संस्कृत शब्द आले आणि कपाटात राहिले. हा शब्द मात्र कोयनेच्या मातीत कामावर होता.

धिरा लावणे दिसायला सोपे, करायला अवघड. जुने काँक्रीट वर्षानुवर्षे आकसून स्थिर झालेले असते. नवे काँक्रीट ओतले की ते आधी तापते, मग थंड होताना आकसते आणि जुन्यापासून सुटू पाहते. सुटले तर धिरा शेजारी उभा राहील, पण आधार देणार नाही. म्हणून अशा कामात जुना पृष्ठभाग टाचून खडबडीत करतात, त्यात पोलादी सळ्या रोवतात, नवे काँक्रीट शक्य तेवढे थंड करून थोड्या थोड्या थरांनी चढवतात. भार वाटून घेण्याचा प्रश्न निराळाच. जलाशय भरलेला असताना धिरा बांधला, तर पाण्याचा सारा भार जुन्या भिंतीवरच राहतो; नव्या भागाला काम मिळते ते पाणी उतरून पुन्हा चढल्यावर. आणि इकडे विजेसाठी पाणी हवे, तिकडे पावसाळा कोणासाठी थांबत नाही. पाण्याचे वेळापत्रक आणि काँक्रीटचे वेळापत्रक यांचा मेळ घालणे, हेच या कामातले मुख्य कौशल्य असते.

या सगळ्यामागे आकडेमोडीचे नवे शास्त्र उभे राहत होते. रुरकी विद्यापीठात १९६०मध्ये भूकंप-अभियांत्रिकीची शाळा सुरू झाली होती, डॉ. जयकृष्ण हे तिचे अध्वर्यू. भिंत पाट्यासारखी नव्हे तर उसासारखी हलते, असे धरून हिशेब करण्याची पद्धत तेथे आणि परदेशात आकाराला येत होती, आणि कोयनेच्या गॅलरीतली ती नोंद जगभरच्या अभ्यासकांची कसोटी बनली. आजही जगात कोठेही काँक्रीटच्या धरणाचे नवे गणित मांडले की ते आधी कोयनेच्या भेगेवर घासून पाहतात. देशाच्या भूकंप-नकाशात १९७० साली कोयनेचा प्रदेश चौथ्या क्षेत्रात गेला. पुढे नर्मदेवर सरदार सरोवराचे धरण योजताना आडवे बल ०.०५ नव्हे, ०.१२५ धरले गेले. आपण सुरतकरांनी हा आकडा कोयनेचे ऋण म्हणून लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९७३ साली बाजूच्या खंडांचे काम पुरे झाले. दुसऱ्या वर्षी मामांबरोबर मी ते पाहायला गेलो. खालून पाहताना पूर्वीची सपाट पाठ नाहीशी झालेली. उभ्या फासळ्या दिसत होत्या आणि मधोमध सांडवा मात्र जसाच्या तसा. मी विचारले, "मधल्याला काही नाही?" मामा म्हणाले, "त्याला लागलं न्हाई ना."

सांडव्याला धिरा लागला २००६ साली. म्हणजे पहिल्या कामानंतर तेहेतीस वर्षांनी. याची कारणे समजून घेता येतात. सांडव्याला इजा कमी झाली होती. त्याच्या पाठीवरून पुराचे पाणी धावते, तेव्हा तेथे फासळ्या उभारता येत नाहीत. भर घालायची ती पाण्याच्या वाटेचे वळण सांभाळून, आणि तीही पावसाळा सोडून. पण कारणे समजली म्हणून तेहेतीस हा आकडा लहान होत नाही. या काळात वारणेच्या जलाशयानंतर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे पसरले, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी झाली, २६ जानेवारी २००१ रोजी भूज झाले. जे मोडले ते सांधले, जे मोडू शकते त्याला मात्र वाट पाहावी लागली.

इतर देशांत काय घडले तेही थोडक्यात सांगतो. चीनमध्ये क्वांगतुंग प्रांतात शिनफेंगजियांग नावाचे १०५ मीटर उंच काँक्रीट धरण आहे. तेथेही पाणी भरल्यावर धक्के सुरू झाले. त्यांनी लहान धक्क्यांनाच इशारा मानून भिंत बळकट करायला घेतली, आणि १९ मार्च १९६२ रोजी ६.१ क्षमतेचा भूकंप झाला. माथ्याजवळ भेग पडली, धरण टिकले, आणि मग पुन्हा बळकटी दिली गेली. इराणमध्ये १९९० साली सफिदरूद धरणाला अशाच भेगा पडल्या. तेथेही लुकणी आणि ताणलेले दोर हेच उपाय झाले. भेगा सगळीकडे वरच्या भागात, मानेपाशी. चीनची कथा वाचताना मला १९६२ ते १९६७ या वर्षांतली मामींची वाजणारी भांडी आठवतात.

आपल्याकडे भंडारदऱ्याच्या जुन्या दगडी धरणालाही १९६९ साली भेगा पडल्या, त्या भूकंपाने नव्हे. पण त्याच्या डागडुजीतही दोर आणि धिरे हेच कामी आले. आणि २००१च्या भूजच्या भूकंपात कच्छमधली चांग, टप्पर, रुद्रमाता, शिवलखा अशी मातीची धरणे खचली. आधीच्या दुष्काळाने तलाव कोरडे होते म्हणून पाण्याचा अनर्थ टळला. त्या दिवशी सकाळी सुरतही हलली होती. इथल्याही इमारती पडल्या, हे मी आपल्याला सांगायला नको.

इमारतींचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ११ डिसेंबर १९६७ला जी माणसे गेली, त्यांतले कोणीही धरणामुळे बुडून गेले नाही. ती घरे पडून गेली. जाड दगडी भिंती, मातीचा गिलावा, वर जड आढे. धरणाप्रमाणेच या घरांचेही सारे बळ वजनात होते, आणि वजनच उलटले. धरणाला धिरा द्यायला देशातले उत्तम इंजिनियर बसले, नकाशे झाले, पोलाद आले. घराच्या दगडी भिंतीला बांधून ठेवणारे आरपार दगड आणि वरून एक सलग काँक्रीटचा पट्टा, एवढा साधा धिरा पुरतो, हेही तेव्हाच ठाऊक होते. किल्लारीत सव्वीस वर्षांनी तशाच दगडी भिंती पडल्या आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. शब्द घराचा होता, तो धरणाला लागला. घराकडे परत आला नाही.

कोयनेच्या जलाशयासाठी ज्यांची गावे बुडाली, त्यांच्यातले काही लोक काठाच्या वरच्या अंगाला नव्याने घर बांधून राहिले होते. मामांच्या शेजारचे एक कुटुंब असे होते. पाण्यासाठी एक घर गेले, भूकंपात दुसरे. १९७४च्या त्या भेटीत त्या घरातले म्हातारबा आमच्याबरोबर धरणाखाली आले होते. नव्या धिऱ्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मामांना विचारले, "ह्ये किती दिस टिकंल?" मामा म्हणाले, "आपल्या नातवंडांपर्यंत तरी." म्हातारबांनी मान हलवली आणि पत्र्याच्या शेडचे भाडे पुढच्या महिन्यापासून घेणार म्हणतात ते खरे का, असे विचारले. मामांना ते ठाऊक नव्हते.

मामा निवृत्त होईपर्यंत रोज गॅलरीत उतरत आणि पाझर मोजून वहीत लिहीत. धिरे बांधल्यावर मोजणे बंद होईल असे मला वाटले होते, तसे मी म्हणालोही. ते म्हणाले, "आता तर नीट मोजाया पायजे. आदी जुनी भित्त व्हती, तिचं मला समदं ठावं व्हतं. ही नवी हाय."